आप्पांच्या व्हॅनचं मधलं सिलिंडर

ज्याने आजवर एकही इंजिन स्वतः उघडून पुन्हा जोडलेलं नाही, त्याने इंजिनाबद्दल लिहू नये, असं माझं प्रामाणिक मत आहे. तरी लिहितो आहे, याबद्दल वाचकांनी सांभाळून घ्यावं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे याचा अर्थ घरी असा घेतला जातो की, यंत्र म्हणून जे काही आहे ते मला कळतं. मिक्सर, बोअरची मोटर, एकदा तर शेजारच्या आजोबांचं कानाचं मशीन माझ्यापुढे ठेवलं गेलं. मी ते गंभीरपणे उलटसुलट केलं आणि म्हणालो, "सेल बदला." हे माझं उत्तर बऱ्याच ठिकाणी चालून जातं.

व्हॅनला चाललं नाही.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. हरसूलच्या बाजाराला आणि नाशिकच्या दवाखान्यांत माणसं नेणं-आणणं हा त्यांचा धंदा, आणि जुनी पेट्रोल व्हॅन हे त्याचं भांडवल. गेल्या हिवाळ्यात ती उभ्या जागी थरथरायला लागली. वाघेऱ्याच्या घाटात गाडी भरलेली असली की दोघातिघांना उतरून चालावं लागे. माझा मामा नाशिकला जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात असतो. त्याने गाडी न बघताच निकाल दिला, "इंजिन बदला. माझ्या नजरेत एक जुन्या गाडीतनं उतरवलेलं हाय." ते घ्यायचं तर म्हैस विकावी लागणार होती. आणि नुसतं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडून व्हॉल्व्ह दुरुस्त केले, पण दोष खाली पिस्टनच्या रिंगांचा निघाला, तर तो खर्चही पाण्यात आणि मागोमाग म्हैसही. आप्पांनी मला फोन केला.

"तू येऊन बघ. तू म्हणशील तसं करू."

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या खोलीत मी हे वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं.

कॉलेजच्या लॅबमधून परवानगीने कॉम्प्रेशन गेज घेतला. तपासणी तशी सोपी. प्लग काढायचे, एकेका भोकात गेज बसवायचा, सेल्फ मारायचा. सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते काटा दाखवतो. दाब कमी आला तर चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा बघायचं. ऑइलने फट बुजून दाब वाढला तर रिंगा झिजल्या. नाही वाढला तर हवा वरून, बहुधा व्हॉल्व्हमधून निसटते. परीक्षेत यावर मला पूर्ण मार्क होते.

रविवारी अंगणात ड्रायव्हरशेजारची सीट वर उचलून मी तिच्याखालच्या इंजिनाच्या कामाला लागलो. मामाही आला होता.

"बीपी बघतो का काय गाडीचं?" त्याने विचारलं. "बघ बाबा. पण पेशंट गेलेला हाय."

आप्पा स्टिअरिंगवर बसले. आता एक अडचण. तपासणीच्या वेळी ॲक्सिलेटर पूर्ण दाबून धरावा लागतो, नाहीतर हवा आत पुरेशी शिरतच नाही आणि काटा खोटं बोलतो. हे मला माहीत होतं. पण सेल्फ मारताना ॲक्सिलेटरला पाय लावायचा नाही, पेट्रोल वाया जातं, हा आप्पांचा जुना नेम. त्यासाठी ते चपला काढून चक्क सीटवर मांडी घालतात आणि मग चावी फिरवतात. आणि आप्पांना "हे करा, ते करा" असं मी जन्मात म्हटलेलं नाही.

"आप्पा, ते... पायाचं पण... जरा," मी म्हणालो.

"हां हां," आप्पा म्हणाले आणि मांडी घालून चावी फिरवली.

तिन्ही सिलिंडरमध्ये काटा जेमतेम हलला. ऑइल घालूनही फारसं काही झालं नाही. चुकतंय कुठे ते मला दिसत होतं. ते सीटवर मांडी घालून बसलं होतं. तरी मी घसा साफ केला आणि म्हणालो, "तिन्ही गेलेत. इंजिनच बदलावं लागेल."

"मी काय म्हणत व्हतो?" मामा म्हणाला.

आई गोठ्यात गेली आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तेव्हा कुठे मला एक गोष्ट सुचली, जिचा शोध लावल्याबद्दल मला अजून कोणी बक्षीस दिलेलं नाही: आईला मी काहीही सांगू शकतो.

"आई, इकडे ये. तू बस गाडीत."

"मला येती का चालवायला?"

"चालवायची नाय. तो उजवीकडचा दाब आणि सोडू नको."

आईने पदर खोचला, दोन्ही पाय एकावर एक ठेवून ॲक्सिलेटर पार तळाला नेला आणि डोळे मिटून घेतले. पेट्रोलचा पाइप मी आधीच काढून ठेवला होता, तरी आप्पांचा चेहरा असा झाला की जणू कोणी टाकीच पालथी केली. चावी मी फिरवली, काटा मामाने वाचला. पहिलं सिलिंडर चांगलं. तिसरं चांगलं. मधलं मात्र तळाशीच, आणि ऑइल घालूनही तिथेच.

"मधल्याचा व्हॉल्व्ह असावा," मी म्हणालो. "हेड उघडू. इंजिन नको."

"मघाशी तिन्ही मेले होते, आता दोन जिते झाले," मामा म्हणाला. "अजून चहा घेईपर्यंत थांबू, भाचे. तिसराबी उठंल."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"

"पुस्तकाप्रमाणे... नक्की," मी म्हणालो. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

व्हॅन ओढून नाशिकला गॅरेजमध्ये नेली. गॅरेज कॉलेजपासून लांब नव्हतं, पण तिकडे जाण्याची माझी हिंमत झाली नाही. चहाला जाताना मी मुद्दाम दुसऱ्या गल्लीने जायचो. थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला वहीच्या कडेला म्हैस काढत बसायचो. रिंगांचा दोष निघाला तर आप्पा रागावणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. ते नुसते "हां हां" म्हणतील, आणि तेच मला सोसणार नव्हतं.

मग एका दुपारी कॅन्टीनमध्ये आप्पांचा फोन आला. जेवलास का, अभ्यास चाललाय का, सगळं विचारून झालं. मी "हो" म्हणत राहिलो.

"गॅरेजवर हाय मी," आप्पा म्हणाले. "हेड उघडलं सकाळी. मधल्याचा व्हॉल्व्ह जळालाय. सिलिंडर साफ हाय. रिंगा थोड्या थकल्यात, पण वरीसभर चालतील म्हणतो मिस्त्री." मागे कुणीतरी हातोडी मारत होतं. ते थांबेपर्यंत आप्पाही थांबले. "मामाला कळवलं मी. म्हटलं, त्या इंजिनाला दुसरं गिऱ्हाईक बघ."