न सांगता कापलेलं गवत

व्हर्लीन स्ट्राउड सव्वीस वर्षं गावच्या शाळेत स्वयंपाकाला होती. निम्मं गाव तिच्या हातचा मक्याचा पाव खाऊन मोठं झालेलं. तिच्या लेकीला, कॅरिसाला, मेथ हा अमली पदार्थ विकणारेही त्यातलेच.

कॅरिसा गेली त्या वर्षी अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्याच्या त्या डोंगराळ काउंटीत आणखी सहा घरांत याच विषाने माणसं गेली. वकील मिस ट्रिपेट म्हणाली, "इथल्या कायद्याने भरपाईच्या दाव्यासाठी नेमकं कुणी विकलं ते शोधत बसायला नको. त्या वर्षी इथे हे विकणाऱ्या प्रत्येकाला प्रतिवादी करता येतं. आणि तुम्ही सातही घरं एकाच दाव्यात येऊ शकता."

चर्चच्या तळघरात सातही घरांनी सह्या केल्या. प्रतिवादी अकरा, त्यांत गावातल्याच प्रुइट घराण्यातली तीन पोरं.

त्याच आठवड्यात शनिवारी त्या पोरांचा काका ओडेल ट्रकमधून यंत्र उतरवून व्हर्लीनच्या अंगणातलं गवत कापायला लागला.

"ओडेल, मी तुला बोलावलं नव्हतं."

"शेजारधर्म आहे, मिस व्हर्लीन." त्याने टोपी काढली. "मागच्या दाराची कडी सैल झालीय बरं का. एकट्या माणसाने जपायला हवं."

कडी त्याने कधी पाहिली, हे तिने विचारलं नाही. मग दर शनिवारी तो यायचा. सातही घरांचं गवत कापायचा, पैसे घ्यायचा नाही. तक्रार केली तर काउंटीच्या शेरीफचा पोलीस हसला. "माझ्याही अंगणाचं सांगा की त्याला."

दोन महिन्यांत पाच घरांनी नावं मागे घेतली. शेवटी व्हर्लीनखेरीज उरलेल्या एकाच घरातून, डोव्ही लॅकीचा फोन आला.

"माझी नात शाळेतून किती वाजता सुटते, असं विचारत होता गं. यंत्राचा आवाज नको म्हणे पोरीला. मी नाव काढतेय. रागावू नकोस."

"नाही रागावत," व्हर्लीन म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती वकिलाकडे गेली. "मी एकटी उरले तर दावा चालतो?"

"चालतो."

"मग आणखी एक नाव घाल. ओडेल प्रुइट. कॅरिसा त्याच्या ट्रकमधून पुडी घेऊन उतरायची. खिडकीतून पाहिलंय मी. शपथेवर सांगेन."

मिस ट्रिपेटने पेन खाली ठेवलं. "आधी का नाही सांगितलंत?"

"सात घरं होतो, तेव्हा वाटलं दुसरं कुणीतरी सांगेल."

कोर्टाने ते नाव दाखल करून घेतलं. गुरुवारी ओडेलला नोटीस मिळाली. शनिवारी तो आला नाही. सोमवारपासून त्याचा ट्रक समोरच्या वळणावर इंजिन चालू ठेवून उभा राहू लागला. व्हर्लीनने कडी बदलून घेतली, पण ओसरीवर बसणं सोडलं नाही.

चौथ्या दिवशी डोव्ही आली. व्हर्लीनच्या मांडीवरच्या भांड्यातल्या मूठभर शेंगा उचलून मोडू लागली.

"माझं नाव परत घालता येतं का गं?"

"येतं म्हणते वकील."

डोव्हीने वळणाकडे पाहणं टाळलं. "किती जण आहेत त्या ट्रकमध्ये?"

"काल एकटाच होता," व्हर्लीन म्हणाली. "आज तिघं आहेत."