छत्री मिटा, पाव्हणं!

सायकलवर फिरणाऱ्यांना चिखल आणि किस्से सारखेच चिकटतात. चिखल निदान धुता तरी येतो!

दामले, शिंदे आणि मी एकाच ऑफिसातले. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या पावसाळ्यात भिंगारहून पैठणला सायकलने निघालो. हे त्या एका दिवसाचे किस्से.

*

शिंदेला शॉर्टकटची हौस. ‘रोड कशाला? शेतातून निघू!’

फर्लांगभर गेलो तोच रात्रीच्या सरीने भिजलेल्या काळ्या मातीने मडगार्ड गच्च भरले. चाकं फिरेनात. शेवटी सायकली खांद्यावर घेतल्या. समोरून एक शेतकरी आला आणि बघतच राहिला.

‘पैठण लांब आहे का हो?’ शिंदेने विचारलं.

‘सायकलीवर बसून जायचं तर न्हाई. सायकल घेऊन जायचं तर लई!’

*

तिसगावात पाऊस कोसळायला लागला, दुष्काळानंतरचा तिथला पहिलाच. हॉटेलात शिरलो, तर आत कुणीच नाही! स्टोव्ह भरभरतोय, दूध उतू चाललंय, आणि मालकासकट सगळी गिऱ्हाइकं रस्त्यात उभी. उघड्या डोक्याने, तोंडं वर करून.

‘मालक, तीन चहा!’ मी ओरडलो.

ते वळलेसुद्धा नाहीत. ‘हुईल चा. आदी भिजा!’

*

दामले प्रकृतीला जपणारा. त्याने कॅरियरवरची छत्री काढून उघडली. एक म्हातारे बाबा लगबगीने आले आणि त्यांनी त्याचा हात धरला.

‘मिटा वो पाव्हणं. त्याला वाटंल, आमाला नको झालाय!’

मला हसू आलं, दामलेला नाही. त्याने छत्री मिटली ती मिटलीच. दुसऱ्या दिवशी तापाने फणफणला. ‘गावाबाहेर तरी उघडायचीस!’ मी म्हटलं.

‘आणि माझ्यामुळे थांबला असता तर?’

*

तिसगाव सोडलं आणि एक नदी आडवी आली. नदी म्हणजे नुसती ओली वाळू. पूल नाही. सायकली ढकलत उतरलो. मध्यावर शिंदेची चेन पडली. तो वाकला, एवढ्यात पलीकडून एक बाई जिवाच्या आकांताने ओरडली, ‘पळा! नदी येतीया!’

पाणी कुठे दिसत नव्हतं, पण पायाखाली काहीतरी घुमत होतं. सायकली उचलून पळालो. काठ चढतो न चढतो तोच वळणावरून ती आली! आधी काटक्या आणि फेस, मग पुरुषभर उंच गढूळ पाणी. शिंदे जिथे वाकला होता, तिथे आता भोवरा फिरत होता.

काठावर अख्खी वस्ती जमलेली. एकाने आपल्या म्हाताऱ्या आईला पाठीवर आणलं होतं. तिला दिसत नव्हतं. कडेला पाणी संथ पसरलं होतं, तिथे त्याने तिला बसवलं. तिने चाचपडत हात बुडवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग डोक्यावरचा पदर सावरला.

‘लई लांबनं आलीस गं बाई,’ ती पाण्याला म्हणाली. ‘दमली असशील. बस की जरा.’