औषधालाही जोडीनं

भोरच्या दवाखान्यातल्या राधाक्का नर्स, बाई एकटी आलेली दिसली की आधी तिच्या मागे बघायच्या. "नवरा कुठाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुखणं काय, ते नंतर. मी नवी नर्स म्हणून लागले तेव्हा मला हा शुद्ध भोचकपणा वाटायचा.

भोचकपणा कसला! गरमी, परमा या गुप्तरोगांची नावं तेव्हा कुणी तोंडातून काढत नसे. 'अंगात उष्णता आहे' म्हणायचं आणि बायकोला औषधाला धाडायचं, ही आपल्याकडची रीत. ती बरी होऊन घरी जायची आणि नवऱ्याकडून पुन्हा तेच घेऊन यायची. राधाक्का पुरुषांना तोंडावर विचारायच्या, "सत्यनारायणाला जोडीनं बसता ना? मग औषधालाच कशी लाज वाटते?" मी मेली शरमेने बाटल्या पुसत बसायची.

एकदा भोंगवलीचे एक म्हातारे सुनेला घेऊन आले. तिची तीन बाळंतपणं झालेली, एकही मूल जगलं नव्हतं. "हिला बरी करा, बाई. न्हाईतर लेकाचं दुसरं लगीन लावतो. पोरगी बघून ठेवलीया." सून खाली मान घालून ऐकत होती.

राधाक्कांनी नवऱ्याला बोलावून घेतलं. तो पुण्याच्या मोटारीवर ड्रायव्हर. दोघांचं रक्त तपासून आलं, दोघांनाही गरमी. वर्षभर तरी दर आठवड्याला सुई घ्यायची होती. म्हातारे उसळले, "माझ्या लेकाला काय धाड भरलीया? खोट हिच्यात हाय."

"दुसरी आणलीत तर तिलाही हेच होईल, काका. तिचीही पोरं जातील."

"तुमाला काय ठावं?"

राधाक्का नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "मला एकटीलाच औषध दिलं होतं. बरी झाले म्हणून परत नांदायला धाडलं. दोन मुलगे गेले माझे. मागोमाग मालक गेले, शेवटपर्यंत दुखणं कुणाला न सांगता."

मी सहा वर्षं त्यांच्या हाताखाली होते, मला यातलं अक्षर माहीत नव्हतं. ड्रायव्हरने सुईसाठी सदऱ्याची बाही वर केली.

"बरं वाटलं म्हणून सुई चुकवायची नाही. आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत एकमेकांजवळ जायचं नाही," राधाक्कांनी दोघांना बजावलं. एखादा आठवडा चुकला की स्वतः मोटारीच्या अड्ड्यावर जाऊन उभ्या राहायच्या.

पुढे त्या जोडप्याला मुलगी झाली आणि ती जगली. म्हातारे स्वतः बारशाचं बोलावणं घेऊन आले. राधाक्का म्हणाल्या, "मी विधवा, त्यात पोरं गेलेली. माझा हात पाळण्याला लावत नाहीत, काका. लांबून बघेन."

"तुमचा हात लागला म्हून तर पाळणा टांगलाय," म्हातारे म्हणाले. "पोरीला तुमीच घाला."

भरल्या घरात त्यांनी पोरीला पाळण्यात घातलं. येताना मोटारीत भोरपर्यंत त्या रडत होत्या. मी नुसता हात धरून बसले होते. मोटारीवर पोरीचा बापच होता; त्याने मागे वळून पाहिलं नाही, पण मोटार मात्र अगदी हळू चालवली.