चार टेम्पो आणि झाडावरचे पेरू

सांगायची लाज वाटते, पण तुमचा चहा होईपर्यंत सांगतोच. तसंही राहात्याच्या बाजारात सगळे हसून मोकळे झालेत.

शाळेत जन्मभर वेळापत्रकं केलेला माणूस मी. आता पेरूची बाग सांभाळतो. आम्ही पाच शेजाऱ्यांनी गट केला, माल एकत्र विकायचा म्हणून. पहिल्या तोडीची कामं वाटायचं माझ्यावर आलं. गुरुजी ना मी! पहिला माल अकराच्या आत पोचला, तरच व्यापारी पुढचा घेणार होता.

टेम्पोसाठी गटातल्या दत्तूला फोन केला. तो म्हणाला, "बघतो, गुरुजी."

आता आपल्याकडं ‘बघतो’ म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला हवं का? मी ते ‘नाही’च धरलं आणि मंदाताईंना फोन लावला. त्याही बघते म्हणाल्या. मग उरलेल्या दोघांना. तेही बघणार होते. तोडणीची मात्र मला काळजी नव्हती. ती सगळ्यांनी मिळून करायची, असं ग्रुपवर टाकलंच होतं.

तोडीच्या दिवशी सकाळी सातला बागेत जातो तर चार छोटे टेम्पो ओळीनं उभे. चौघांनीही खरंच बघितलं होतं! आणि पेरू? सगळे झाडावर. प्रत्येकाला वाटलं, तोडायला बाकीचे आहेतच. मलाही तसंच वाटलं होतं. मी तर इस्त्रीचा सदरा घालून आलो होतो.

दत्तू टेम्पो परत पाठवायला निघाला, तर मंदाताईंनी पदर खोचून त्याला अडवलं.

"चार डायवर म्हंजी आठ हात. चहा पाजा अन् क्रेट द्या त्यांच्याकडं."

उंच होता त्याला वरच्या फांद्या दिल्या, ज्याचा हात हलका त्याला भरणी. पाच मिनिटांत वाटणी झाली. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. तेवढ्यात चार टेम्पो बघून गावभर झालं, की आज मोठा व्यापारी माल उचलतोय. आजूबाजूचे चौघे आपापले पेरू तोडून घेऊन आले. अकराच्या आत तीन टेम्पो भरून पोचले, चौथ्यात आम्ही बसून गेलो. व्यापाऱ्यानं माल बघितला आणि पुढच्या आठवड्याचाही सांगून ठेवला.

आता गटात नऊ जण आहेत. परवा बैठकीत मंदाताईंनी नावानिशी कामं वाचून दाखवली. टेम्पो एकट्या दत्तूकडं. माझं नाव काही येईना. शेवटी मीच विचारलं, माझ्याकडं काय?

त्या अगदी आदरानं म्हणाल्या, "गुरुजी, तुमी तोडीच्या टायमाला कुनाला फोन करायचा न्हाई."

खोटं कशाला सांगू, एवढं चोख काम मी शाळेतही केलं नव्हतं.