आईच्या मशीनचं पायडल

मंडळी, आई गेल्यापासून बंद पडलेल्या तिच्या शिलाई मशीनला आज नवी मोटर बसवली. अल्लीपूरचे मिस्त्री पट्टा चढवून म्हणाले, "ताई, खालचं पायडल काढून टाकू काय? मोटर हाये, आता त्याचं काही काम नाई."

"राहू द्या, भाऊ."

आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हा बाबांनी पहिली मोटर आणली होती. तरी शिवताना तिचा एक पाय पायडलवर हलतच राहायचा. मी हसले की म्हणायची, "पाय हालला नाई तं मले शिवल्यासारखं नाई वाटत."

मिस्त्री गेल्यावर मी उशीचा अभ्रा शिवला. मोटर छान चालली. मशीन चालू आणि पायडल गप्प, हे मात्र आज पहिल्यांदा पाहिलं.

तुम्ही असता तर काढलं असतं का?