आरशाची पाठ

घासणं हा माझा हट्ट होता. पाचाडहून उमरठला सून म्हणून आले तेव्हा अंगावर दागिने बेताचेच होते, पण माझी घासलेली भांडी बघायला शेजारणी यायच्या. त्यानं डोक्यात जरा हवा गेली होती, खोटं कशाला बोलू?

घरात आरसा एकच. घरधनी मुंबईला कामाला; त्यांनी तो आईसाठी आणला होता, दासगावच्या बंदरापासून डोक्यावरून. सासूबाईंचा त्यात जीव. रोज सकाळी त्यात बघून कपाळाला मेण लावायच्या, वर कुंकू टेकवायच्या आणि मगच चुलीकडे वळायच्या. त्या पावसाळ्यात आरशात काळे ठिपके आले. पुढून पुसले, जाईनात. मग सासूबाई शेतावर गेल्या असताना मी मागची फळी काढली. आत तांबडा रंग, पोपडे सुटलेले, त्याखाली पांढुरका थर. एवढी घाण! राख आणि चिंच घेऊन बसले आणि काच लख्ख केली.

उचलून तोंड बघायला गेले, तर माझ्या तोंडाच्या जागी गोठ्यातली म्हैस. रवंथ करत माझ्याकडेच बघत होती.

आता आपली रवानगी माहेरी, हे नक्की. घाईघाईनं काजळी तेलात कालवून काचेच्या पाठीला फासली आणि फळी ठोकली. तोंड दिसलं, पण अंधुक.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आरशासमोर बराच वेळ बसल्या. मी दाराआड. शेवटी म्हणाल्या, "बरा दिसतो गो आता. सुरकुत्या पन गेल्या."

सुटले, असं मला वाटलं. पण शिमग्याला घरधनी आले आणि आरसा घेऊन ओटीवर दाढीला बसले. गालाला वस्तरा लागला तशी त्यांनी फळी उचकटून बघितली.

"आये, हा कुनी घासला मागनं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "घाण होती."

"अगं, ती घाण नाय! तो पातळ थर हाय ना, तोच आरसा. काच नुसती त्याला धरायला. एवढं कळत नाय तुला?"

बरंच बोलले. ते सगळं माझ्या वाट्याचं होतं आणि त्या मान खाली घालून पोराचं ऐकून घेत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्नाला वर्ष होत आलं तरी सासूबाईंना काय हाक मारावी ते मला सुचलं नव्हतं. काम असलं की नुसती पुढ्यात जाऊन उभी राहायचे. त्या दिवशी पहिल्यांदा "आये" म्हटलं आणि घरधन्यांना खरं काय ते सांगून टाकलं.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "गप बसायचं होतंस गो! दमत आला होता तो. आता परत पयल्यापासून बोलंल."