कूमने ठोकलेला राउटर

सर्बियातल्या पिरोत गावच्या विदोसावाबाई निवृत्त शिक्षिका. व्हिएन्नात वाढणाऱ्या सर्बियन पोरांना त्या घरबसल्या लॅपटॉपवरून मायबोली शिकवतात. चार विद्यार्थी होते. आवाज तुटतो म्हणून तीन गळाले. उरलेल्या एकाच्या आईने बजावलं होतं, "आज अडकलं, तर हा शेवटचा तास."

राउटर मात्र साधासुधा नव्हता. तीन पट्ट्यांचा म्हणजे तीन बँडचा, अँटेनांच्या सहा शिंगांचा, खोक्यावर सोनेरी ६६००. विकला कूम ल्युबिंकोने, आणि पॅसेजच्या भिंतीत ड्रिल मारून ठोकलाही त्यानेच. कूम म्हणजे लग्नातला साक्षीदार, लेकराला नाव देणारा. भावाशी भांडता येतं, दिराला हाकलता येतं. कूमला "तुझा माल फुसका" म्हणायची सोय नाही.

बाईंनी भिंग लावून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. सहाशे, बाराशे, अठ्ठेचाळीसशे, म्हणून सहासष्टशे! तीन इयत्तांचे गुण एकत्र करून पोराला पहिला काढण्यातला प्रकार. लॅपटॉप बसणार एका वेळी एकाच पट्ट्यावर. त्यातला वेगवान पट्टा हातभर जाड भिंतीपाशीच धापा टाकतो. वर घरात येणारी लाईनच मुळी शंभर एमबीपीएसची.

मग बाईंनी गुपचूप वायर आणली, राउटरपासून टेबलापर्यंत ओढली आणि वर किलीम, म्हणजे हातमागाचा गालिचा, अंथरला.

तास सुरू झाला आणि दार वाजलं. कूम. काखेत एक खोका.

"शिकवा, बाई, शिकवा! मी आपली कॉफी टाकतो."

असं म्हणून तो नेमका किलीमवर, वायरच्या उंचवट्यावर उभा राहिला. बाईंनी नजर पडद्यावरच खिळवली.

तेवढ्यात पडद्यावर पोराची आई आली. "बाई, आज आवाज कसा खणखणीत! काय केलंत?"

कूमने छाती फुगवली. बाईंनी एकदा किलीमकडे पाहिलं.

"आमच्या कूमने... नवा राउटर बसवून दिलाय."

"तीन पट्टे!" कूमने पडद्यासमोर मुंडी घातली. "तुमच्याकडे किती, ताई?"

"काय की. एकच असेल."

"अरेरे! मग तुम्ही सायकलवरच."

विद्यार्थी टिकला. तास संपला, तसं कूमने खोका टेबलावर ठेवला.

"हा स्वयंपाकघरासाठी. आठ शिंगं! उद्या ड्रिल घेऊन येतो."

"अहो कूम, पण दोन कशाला?"

"आत्ता तुम्हीच त्या ताईंना सांगितलंत ना, माझ्या राउटरने आवाज खणखणीत झाला म्हणून? मग!"

बाईंनी त्याच्यासाठी राकियाचा, फळांच्या कडक दारूचा, पेला भरला. पॅसेजपासून स्वयंपाकघरापर्यंतचं अंतर त्या नजरेनेच मोजत होत्या. आणखी एक वायर आणि आणखी एक किलीम लागणार होता.